आधीचा फोटो

तळहातावर सहज मावणारा तो पांढरा, गार ठोकळा म्हणजे तिचाच वरचा जबडा होता. प्लॅस्टरचा. "जरा धरता का काकू, मी मॅडमना बोलावून आणते," असं म्हणून ती शिकाऊ डॉक्टरीण तो तिच्या हातात ठेवून गेली होती, आणि आता ती त्या उंच खुर्चीत अर्धवट रेललेली, गळ्याशी कागदी रुमाल अडकवलेली, स्वतःचं तोंड स्वतःच्या हातात घेऊन बसली होती. बोट नकळत दातांवरून फिरलं. डावीकडची दाढ, तिच्या शेजारची, मग सुळा—आणि मग एकदम घसरण. समोरच्या तीन दातांची जागा गुळगुळीत, किंचित खोल, कोपरावर झिजून पातळ झालेल्या बाहीसारखी. गेलं दीड वर्ष जीभ हीच जागा चाचपत आली होती—जेवताना, बोलताना, मशीनवर बसल्यावर, बहुधा झोपेतसुद्धा—आणि जिभेला ती केवढी तरी मोठी वाटायची, दार निघून गेलेल्या खोलीएवढी. इथे बघावं तर जेमतेम दोन बोटं. एवढ्याशा जागेसाठी मी दीड वर्ष...

ती कपडे दुरुस्त करायची. शिवायची नाही, दुरुस्त करायची. हा फरक ती सगळ्यांना आवर्जून सांगे. लाँड्रीच्या दुकानात काचेलगतच्या कोपऱ्यात सव्वीस वर्षं तिचं मशीन होतं. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर, फाटलेलं अस्तर बदल, उसवलेलं काज भर. लाँड्रीवाल्याला ती त्या कोपऱ्याचं भाडं द्यायची, म्हणजे ती कुणाचीच नोकर नव्हती, आणि जो कुणाचाच नोकर नाही त्याच्या दातांचा विमा कोण उतरवणार? कात्री हाताशी असायची, तरी दोरा तोडायला कात्रीपेक्षा तोंड जवळचं. पहिला दात एका जाड कोटाच्या बटणावर गेला—कट्‌कन आवाज झाला आणि तिला आधी वाटलं, बटणच फुटलं. शेजारचा गेल्यावर उरलेल्या दोघांचंही मन लागेनासं झालं असावं; आधी हिरडी सुजली, मग ते हलायला लागले, आणि वर्षाच्या आत तेही गेले.

तेव्हा ती एका चांगल्या दवाखान्यात गेली होती. चांगल्या म्हणजे जिथे चपला वाजत नाहीत अशा. काउंटरमागे एक मुलगी, मोत्यासारखे दात. "इन्शुरन्स कोणता आहे आपला?" "नाहीये." "काही हरकत नाही," असं ती इतकं गोड हसून म्हणाली की हरकत आहे हे तिथेच कळलं. कागदावर जो आकडा आला तो म्हणजे तिची चौदा महिन्यांची कमाई, तीही काही न खाता, न भाडं भरता. नाकापेक्षा मोती जड म्हणतात. इथे तोंडापेक्षा दात जड. तिने त्या कागदाच्या चार घड्या केल्या, मशीनच्या खणात बॉबिनांच्या डब्याखाली सरकवला, आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, या वयात नाही बसवले तरी चालतं."

तो पार्सलं पोचवायची गाडी चालवायचा. दिवसाला शंभर दारं वाजवणारा माणूस, माणसाचा चेहरा बघून दार किती उघडेल ते ओळखणारा. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या पावाच्या कडा कापून तो स्वतः खायला लागला आणि मधला मऊ भाग तिच्या ताटलीत ठेवायला लागला. गाजावाजा नाही, सहानुभूती नाही—नुसत्या कडा. त्या कडा बघून तिला कधी रडू यायचं, कधी रागच यायचा, की हा माणूस विचारत का नाही, एकदा विचारेल तर मी भांडून तरी घेईन... आणि या डेंटल कॉलेजचा पत्ताही त्यानेच आणला. पार्सल द्यायला आला होता इथे, येताना फॉर्मच घेऊन आला.

"मुलं शिकतात तिथे. सामानाचा खर्च तेवढा घेतात, बाकी काही नाही."

"म्हणजे माझ्या तोंडावर शिकणार?"

"मग तू नाही शिकलीस? माझ्या पँटींवर?"

लग्नानंतरचं पहिलं वर्षभर तो एक पाय आखूड, एक पाय लांब असा गावभर हिंडला होता.

पण भीती वेगळीच होती, आणि ती तिने कुणालाच सांगितली नव्हती. पहिल्या खेपेला, तीन आठवड्यांपूर्वी, ठसा घेता घेता शिकाऊ डॉक्टरीण सहज बोलून गेली होती—दात नसला की खालचं हाड हळूहळू आटतं, काकू. वापरच नाही म्हटल्यावर शरीर ते काढून घेतं. फार आटलं असेल तर आधी भर घालावी लागते, ते काम आम्ही इथे करत नाही, बाहेर करावं लागतं, ते मात्र महाग... म्हणजे तो चार घड्यांचा कागद पुन्हा आलाच, आणि आता दुपटीने. आणि ही दीड वर्षाची दिरंगाई तिची स्वतःची होती. ती रोज मशीनवर वाकून दुसऱ्यांचं फाटलेलं सांधत बसली आणि तिकडे तोंडात, कुणाला ऐकू न येता, हाड आटत गेलं. सुती कापड आटतं तसं? की विहिरीचं पाणी आटतं तसं? तीन आठवडे ती हाच विचार करत होती. एका बाईच्या झग्याची डावी बाही तिने उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावली ती ह्याच तीन आठवड्यांत.

पावलं वाजली. मॅडम आल्या—उंच, पांढरे केस बारीक कापलेले, चष्मा कपाळावर—आणि त्यांच्यामागे सहा-सात पांढरे कोट. सगळे खुर्चीभोवती उभे राहिले. मॅडमनी तिच्या हातातला जबडा घेतला, उजेडाकडे धरून फिरवला, परत तिच्याच हातात दिला. मग पडद्यावर स्कॅन लावला. राखाडी ढगासारखं काहीतरी, त्यात फिकट रेघा. मॅडम बघत राहिल्या. एकदा "हं" म्हणाल्या. मग पुन्हा नुसतंच बघत राहिल्या. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, गिऱ्हाईक आरशात बघतं तेव्हा ती गिऱ्हाइकाकडे बघते तशी—आता भुवई वर जाते का, आता ओठ मुडपतात का...

"हाड शिल्लक आहे," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे चांगलं आहे. भर घालायला नको. आणि तिघांसाठी तीन खांब कशाला ठोकायचे? कडेला दोन पुरेत, मधला दात त्या दोघांवर टेकून राहील."

"दोन टोकांना पक्के टाके, मध्ये नुसती दुमड," ती म्हणाली. म्हणायचं नव्हतं, सवयीने तोंडातून गेलं.

मॅडमनी चष्मा खाली ओढून प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. "हे वाक्य लिहून घ्या रे," त्या पोरांना म्हणाल्या. "मी वीस वर्षं शिकवतेय, मला इतकं सोपं सांगता आलं नाही."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. आधी दोन स्क्रू, मग चार-पाच महिने थांबायचं, हाडाने स्क्रू धरून ठेवेपर्यंत, मग दात. निम्मे पैसे आता, निम्मे दात बसवताना. त्यांनी आकडा सांगितला तेव्हा तिने तो मनातल्या मनात कोटांत मोजला, कारण थंडी जवळ आली होती आणि थंडीच्या आधी सगळ्यांना आपापले कोट आठवतात—आणि तो बसला. ताणून नाही, ओढून नाही, बसला. घराचं छप्पर नीट करायला ठेवलेल्या पैशांना हात न लावता बसला. सुटकेचं असं असतं—ती आनंदासारखी वाजतगाजत येत नाही. घट्ट पट्टा दिवसभर बांधलेला असावा आणि तो घट्ट होता हे सोडल्यावरच कळावं, तशी ती येते. तिला आधी जाणवले ते स्वतःचे खांदे, ते कानांपासून खाली आले. मग पोटऱ्या. मग लक्षात आलं की प्लॅस्टरचा जबडा आपण इतका आवळून धरलाय की तळव्यावर आपलेच दात उमटलेत.

"छान," मॅडम म्हणाल्या. "फोटो काढून घे आधीचे. तपशील लिही. केस तुझी." हे त्या शिकाऊ डॉक्टरणीला. आणि सगळे पांढरे कोट त्यांच्यामागे पुढच्या खुर्चीकडे सरकले. दोघंतिघं मात्र फोटो बघायला रेंगाळले.

पोरीने कॅमेरा काढला. "हसा हं काकू. मोठ्ठं. दात दिसायला हवेत..." ती अडखळली. "म्हणजे, जागा दिसायला हवी."

आणि हसता येईना. आत्ता दोन मिनिटांपूर्वी अंगभर हलकं वाटत होतं, आणि आता ओठ जणू कुणी आतून शिवून टाकलेत. तिने प्रयत्न केला. ओठांचे कोपरे ताणले, पण मधे ते एकमेकांना सोडेनात. समोर कॅमेऱ्याची काळी काच, काचेमागे एक मिटलेला डोळा, आणि बाजूला तिघांचे सहा उघडे... हसा ना. हसू नकोस. हसू नकोस हं, आई—

कुठून आलं हे?

शाळेचं बक्षीस समारंभाचं पटांगण. ती नऊ वर्षांची, हातात सुंदर अक्षराचं बक्षीस, एक पेनांची पेटी. फोटोवाला तीन पायांवरचा कॅमेरा लावून उभा. बक्षीस मिळालेल्या मुलांनी आपापल्या आईबरोबर उभं राहायचं. पुढच्या मुलीची आई कशी दिसत होती—ओठांना रंग, हसली की सगळे दात ओळीत. आणि आपली आई... आईचे समोरचे दात पडलेले, दोन का तीन, आणि ती आज इतकी खुश की तोंड मिटतच नव्हतं तिचं, सगळ्यांकडे बघून हसत होती, फोटोवाल्याकडेसुद्धा. आणि मग मी तिचा हात ओढून तिला खाली वाकवलं आणि तिच्या कानात म्हटलं, आई, तू हसू नकोस हं. तोंड मीट.

आईने तोंड मिटलं.

तो फोटो अजून घरात होता, कुठल्या तरी डब्यात. त्यात आई कडक दिसते, रागावलेली. सगळे म्हणायचे, मुलीच्या कौतुकाच्या दिवशी ही बाई रागावली कशाला असेल. आणि आई पुढे आयुष्यभर तोंडावर हात धरून हसायची. गेली तेव्हा शेजारणीसुद्धा तेच आठवत होत्या—किती लाजरी होती, हसली की हात तोंडावर. तिनेही मान डोलावली होती. लाजरी. चव्वेचाळीस वर्षं तिने हेच धरून ठेवलं होतं की आई लाजरी होती, आणि तो कानात बोललेला शब्द मात्र असा काही पुसून टाकला होता की जणू तो दुसऱ्याच कुणा मुलीने उच्चारला... आणि आज या खुर्चीत, या पोरीच्या एका 'हसा'मुळे—

"काकू?"

कॅमेरा खाली आला होता. पोरीने मागे उभ्या असलेल्यांना डोळ्यांनीच हाकललं, मग खुर्चीजवळ वाकली आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "खरं सांगू? ही माझी पहिली केस आहे. मला तुमच्यापेक्षा जास्त भीती वाटतेय. हे बघा." आणि तिने हात पुढे केला. हातमोज्यातली बोटं खरंच थरथरत होती.

"अगं, मग हे मला कशाला सांगतेस!" ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. असं आतून, पोटातून, खो-खो. खुर्ची हलली, कागदी रुमाल गळ्यावरून उडाला. पोरीने घाईघाईत कॅमेरा वर धरला. खट्. खट्. खट्.

"मिळाला!" पोरगी म्हणाली. "सगळं दिसतंय यात."

"हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात," ती डोळे पुसत म्हणाली. "माझं त्यातही काही दिसणार नाही, म्हणून मी निर्धास्त."

बाहेर, कॉलेजच्या पायऱ्यांजवळच्या बाकावर ती बसली. पाय अजून हलके होते, पण छातीत कुठेतरी ते पटांगण बसलं होतं. तिने ताईला फोन लावला. आठ वर्षांनी मोठी बहीण. दिवसातून एकदा बोलायचं, तेही जेवणानंतर, हा नियम. आता अकराच वाजले होते, त्यामुळे ताई घाबरूनच बोलली.

"काय गं, काय झालं? हाडाचं काय म्हणाले?"

तर ताईला ठाऊक होतं. नवऱ्याने कॉलेजचे कागद वाचून तिला सांगितलं असणार. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि मी एकटीच ती भीती कोपऱ्यात लपवून बसले होते.

"शिल्लक आहे म्हणाल्या. भर नको. दोन स्क्रूंत होईल."

"मग काय तर! आपल्या घरात हाडाला कधी तोटा नव्हता. मांसाचीच काय ती चणचण." ताई हसली, आणि मग नाक ओढल्याचा आवाज आला. "परवडेल ना पण? खरं सांग, ठमे."

"परवडेल. खरंच परवडेल." हे दोनदा म्हणताना तिला कळलं की आपण हा शब्द कित्येक महिन्यांत उच्चारलाच नव्हता. समोरून एक माणूस गालाला हात लावून पायऱ्या चढत होता. "ताई, आई तोंडावर हात धरून का हसायची गं?"

"हे काय मध्येच?"

"माझ्यामुळे ना? शाळेतल्या त्या फोटोच्या वेळी मी तिला—"

"तुझ्यामुळे? काहीतरीच! मामा चिडवायचा तिला, बोळकं म्हणून. तेव्हापासून. तू पाळण्यात होतीस तेव्हा. तुला काय माहीत असणार? जेवलीस का? गरम सूप पी काहीतरी. आणि ऊन लागू देऊ नकोस." आणि फोन ठेवलासुद्धा.

पाळण्यात होते. म्हणजे मी बोलायच्या कितीतरी आधीपासून. ती उठली आणि चालायला लागली, बसचा थांबा मागे गेला तरी चालत राहिली. मामा. होय, मामा चिडवणाराच होता, सगळ्यांनाच नावं ठेवायचा. किती सोपं. दोन वाक्यांत सगळं धुऊन निघालं... पुढच्या थांब्यावर ती बसमध्ये चढली, खिडकीशी बसली, आणि दोन चौक गेल्यावर, काही कारण नसताना, तिला बाटलीचं झाकण आठवलं.

आई सरबताच्या बाटलीचं झाकण दाताने उघडायची. बाटली तोंडात आडवी धरून एक हिसका, की झाकण टक् करून जमिनीवर. ती मुलांची गंमत होती, "आई, पुन्हा!" आणि असं एक झाकण तिने दप्तरात घालून शाळेत नेलं होतं, पहिलीत असताना, बाईंना दाखवायला. म्हणजे तेव्हा ती सहा वर्षांची. तेव्हा आईचे समोरचे दात होते. चांगले मजबूत होते. मग ती पाळण्यात असताना मामा बोळकं कुणाला म्हणत होता?

की झाकणाचं आपलं चुकतंय? दाढेने उघडत असेल आई. आठवणींना तरी कुठे विमा आहे...

पण आता दुसरंही आठवायला लागलं. त्या दिवशी पटांगणात ताई होती. सतरा वर्षांची, आईची पर्स सांभाळत, दोन पावलांवर उभी. ऐकलं असेल तिने. ऐकलंच असेल. आणि आज तिचं उत्तर इतकं झटकन आलं होतं—विचारता विचारताच—की ते आज सुचलेलं नव्हतं. ते केव्हाचं तयार होतं. कपाटाच्या वरच्या कप्प्यात इस्त्री करून, घडी घालून ठेवलेल्या कपड्यासारखं, की हिने कधी विचारलंच तर हातात द्यायला. चव्वेचाळीस वर्षं. मी कधी विचारलं नाही आणि तिने कधी काढलं नाही.

बस वळली आणि ऊन तिच्या मांडीवर आलं. आईला मी दुखावलं असेन किंवा नसेन—असेनच बहुधा—आणि त्याची भरपाई आता कुठेच करता येणार नव्हती. पण त्या दिवशी त्या पटांगणात ते ऐकणारं आणखी कुणीतरी होतं, आणि ऐकूनही ते आपल्याकडे तसंच बघत आलं होतं, पाव्हण्यारावळ्यांत, आजारपणांत, रोज जेवणानंतरच्या फोनवर, तसंच. हे कुठे ठेवावं तिला कळेना. पण ते जड नव्हतं.

दुकानात शिरली तर एक गिऱ्हाईक वाटच बघत होतं. जाडसर गृहस्थ, हातात पँट. "कंबर जरा सैल करायची होती. धुतल्यावर आटली हो."

"सगळ्यांच्याच आटतात, साहेब. या लाँड्रीचं पाणीच तसलं आहे."

"अहो बाई!" लाँड्रीवाला इस्त्रीवरून ओरडला. "माझा धंदा बुडवाल!" मग तिच्याकडे बघत राहिला. "आज काय स्वारी खुशीत? डॉक्टर काय म्हणाले?"

"हाड शिल्लक आहे म्हणाले."

"ते मी न शिकता सांगितलं असतं. सव्वीस वर्षं भाड्यासाठी भांडताय माझ्याशी."

दुपार कामात गेली. पँट झाली, झग्याच्या त्या दोन बाह्या उसवून पुन्हा लागल्या, आणि मग तिने तो मोठा कोट घेतला ज्याचं अस्तर आठवडाभर राहून गेलं होतं. निळं, निसरडं कापड. त्याला बोटांनी सतत सांभाळून घ्यावं लागतं, नाहीतर ते आपल्या वाटेने जातं. मधूनमधून ती पाच महिन्यांनंतरचा विचार करत होती. दातांचा असा नाही, नुसताच पाच महिन्यांनंतरचा. तेव्हा हवा कशी असेल, नवऱ्याला घेऊन कुठेतरी चार दिवस जावं का, असला बिनकामाचा. दीड वर्ष ती पुढच्या घासापलीकडे गेली नव्हती. आणि आता समोर ही एवढी मोकळी जागा...

मशीनच्या फळीवर ठेवलेला फोन थरथरायला लागला. थरथरत थरथरत कात्रीपाशी सरकला. ताई.

एका दिवसात दुसऱ्यांदा ताई कधी करत नाही. ती हे विचारेल, की सूप प्यायलीस का. किंवा पैसे पाठवू का थोडे, म्हणेल. किंवा थोडी थांबेल, नाक ओढेल आणि म्हणेल, ठमे, मघाशी मी तुला जे सांगितलं ना... काहीही असू शकतं. सकाळपर्यंत असा फोन आला असता तर पोटात गोळा उठला असता. तिने पोटाकडे लक्ष देऊन पाहिलं. गोळा नव्हता. भूक होती. साधी, धडधाकट भूक.

अस्तर सरळ रेषेत पुढे जात होतं, जेमतेम वीतभर उरलं होतं, आणि निसरड्या कापडावर शिवण मध्येच सोडली की ती मागे ओघळत जाते. उचलते, ताई. उचलतेच. जे काय सांगायचं असेल ते सांग. एवढी शिवण संपू दे.